भरून टाक एकदाचं

अमेरिकेत इमर्जन्सी रूममध्ये रात्र काढून सकाळी घरी परतणाऱ्या माणसाच्या हातात बिल नसतं. पुण्या-मुंबईहून गेलेल्यांना याचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे अ‍ॅडमिट करतानाच काउंटरवर डिपॉझिट मागतात. डिस्चार्जच्या दिवशी पेशंट कपडे बदलून पलंगावर बसून राहतो आणि विम्याच्या टीपीएची मंजुरी यायला दुपारचे चार वाजतात. तिकडे विम्याचं कार्ड दाखवायचं, दोन-चार ठिकाणी सही करायची आणि निघायचं. इमर्जन्सीत आलेल्या माणसाचे उपचार पैशाच्या चौकशीसाठी खोळंबवता येत नाहीत, असा फेडरल कायदा तिथे १९८६ पासून आहे.

बिल येतं, पण मागाहून. तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी, कधी पाच महिन्यांनी. शिवाय ते एकटं येत नाही. रुग्णालयाचं वेगळं, इमर्जन्सीत तपासलेल्या डॉक्टरांच्या कंपनीचं वेगळं, सीटी स्कॅन पाहणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं वेगळं, लॅबचं वेगळं, आणि अँब्युलन्स बोलावली असेल तर तिचंही. यातल्या निम्म्या नावांशी आपला कधी संबंध आला होता हे पेशंटला ठाऊकच नसतं. एखादं पाकीट जाहिरातीचं समजून कचऱ्यात जातं, एखादं जुन्या पत्त्यावर पडून राहतं. काही महिन्यांनी तेच बिल एका तिऱ्हाइताच्या हाती जातं, म्हणजे कलेक्शन एजन्सीच्या. आणि एक दिवस ते क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे पत-अहवालावर, उमटतं.

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आणि प्लेनो ही उपनगरं आहेत. भारतीयांची वस्ती दाट, त्यात मराठी घरंही पुष्कळ. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर सप्टेंबरातच घेतल्या जातात. साताऱ्याकडचं एक जोडपं त्या भागात राहतं, दोघंही आयटीत. नावं छापायची नाहीत या अटीवर त्यांनी सगळे कागद पुढे ठेवले. २०२३ च्या उन्हाळ्यात एका रात्री बायकोच्या पोटात कळ आली आणि किडनी स्टोन निघाला. रुग्णालयाचा क्लेम विमा कंपनीने रीतसर चुकता केला. डॉक्टरांच्या कंपनीचा क्लेम मात्र अडकला, कारण मधल्या काळात विमा कंपनीने एक पत्र पाठवलं होतं: तुम्ही स्वतः नोकरी करता, तर नवऱ्याच्या पॉलिसीशिवाय तुमचा आणखी कुठला विमा आहे का? होय की नाही, एवढंच कळवायचं होतं. पत्र गेलं सोडलेल्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही म्हणून क्लेम नामंजूर झाला आणि २,३०० डॉलरचं पूर्ण बिल पेशंटच्या नावावर पडलं. तेही जुन्याच पत्त्यावर.

हे सगळं त्यांना २०२४ च्या शेवटी कळलं, घर घ्यायला निघाले तेव्हा. गृहकर्ज देणारे तीन क्रेडिट रिपोर्ट कंपन्यांचे अहवाल मागवतात आणि तीन स्कोअरांपैकी मधला धरतात. अर्जदार दोन असतील तर व्याजदर ठरवताना कमी स्कोअर असलेल्याकडे पाहतात. बायकोच्या तीनपैकी दोन अहवालांवर कलेक्शनची नोंद होती, त्यामुळे मधला आकडाही घसरला होता. लोन ऑफिसरने फोनवर सांगितलं, की हे आधी मिटवा, मग दराचं बोलू. कलेक्शन एजन्सीला फोन केला तर पलीकडचा माणूस अतिशय गोड: आज कार्डावर भरलंत तर २०० डॉलर सोडतो.

साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर नवऱ्याच्या वडिलांचं, अण्णांचं मत पडलं. "दोन हजार डॉलर म्हणजे तुझा किती दिवसांचा पगार? भरून टाक एकदाचं. कुणाचं देणं डोक्यावर ठेवू नये." सून म्हणाली, "अण्णा, पण ते आपलं देणं आहे का, ते तरी बघू दे की आधी."

मला सुनेचं वाक्य या साऱ्या विषयाचा गाभा वाटतं. अण्णांच्या सल्ल्यात खोट काढायला जागा नाही. देणं ठेवू नये, दारात वसुलीवाला येऊ देऊ नये, चार लोकांत मान खाली जाऊ नये, ही आपल्याकडच्या मध्यमवर्गाची तीन पिढ्यांची शिकवण. अमेरिकेतली वैद्यकीय वसुली नेमकी याच शिकवणीवर चालते. बिल बरोबर आहे की चूक, ते विमा कंपनीने द्यायचं होतं की पेशंटने, हे प्रश्न सोडवण्याआधीच प्रामाणिक माणूस लाजेपोटी पैसे टाकून मोकळा होतो. क्रेडिट रिपोर्टवरची नोंद ही माहिती म्हणून फारशी कामाची नसते. तिचं खरं काम दबाव आणण्याचं.

या जोडप्याने काय केलं ते आधी संपवतो. सुनेने विमा कंपनीला फोन लावला, पाऊण तास होल्डवर थांबली, दुसरा विमा नसल्याचं तोंडी नोंदवलं आणि क्लेम पुन्हा तपासायला लावला. महिन्याभरात कागद आला. कराराच्या दराने त्या सेवेची रक्कम बरीच कमी बसत होती आणि त्यातला पेशंटचा वाटा होता ३४० डॉलर. तो भरल्यावर डॉक्टरांच्या कंपनीने वसुली मागे घेतली. लोन ऑफिसरने तिन्ही कंपन्यांकडून तातडीने अहवाल अद्ययावत करून घेतले. गृहकर्ज देणाऱ्यांना तशी सोय असते. गंमत अशी, की पहिल्याच दिवशी २,१०० डॉलर भरले असते तरी नोंद गेलीच असती. जास्तीचे पैसे मात्र कुणी परत केले नसते, आणि काही चुकलं आहे हेही कुणाला कळलं नसतं.

या अहवालांचा धंदा जुना आहे. केटर वूलफोर्ड नावाच्या माणसाने टेनेसीतल्या चॅटनूगा गावी किराणा दुकानदारांच्या संघटनेसाठी उधारी कोण फेडतो याची यादी केली होती. तो अनुभव गाठीशी घेऊन १८९९ मध्ये त्याने भावाबरोबर अटलांटात रिटेल क्रेडिट कंपनी काढली. तीच आजची इक्विफॅक्स. एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या बाकीच्या दोन. यादीमागचा विचार सरळ होता: ज्याने मागच्या महिन्याची साखर-पिठाची उधारी चुकवली तो या महिन्याचीही चुकवेल. पण किडनी स्टोन कुणी उधारीवर घेत नाही. त्याचा भाव आधी विचारता येत नाही, दुकान बदलता येत नाही, आणि बिल किती हे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातलं भांडण मिटेपर्यंत खुद्द रुग्णालयालाही नीट माहीत नसतं. अशा बिलावरून माणूस गाडीचे हप्ते भरेल की नाही हे कसं ताडायचं?

ताडता येत नाही, असं सरकारी अभ्यासानेच सांगितलं. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर झालेल्या कायद्याने सीएफपीबी हा ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाचा विभाग २०११ मध्ये सुरू झाला. या विभागाने २०१४ मध्ये दाखवून दिलं, की वैद्यकीय वसुलीची नोंद असलेल्यांचा स्कोअर त्यांच्या प्रत्यक्ष वागण्याच्या मानाने सुमारे १० गुणांनी कमी दाखवला जातो. त्याच वर्षी स्कोअर ठरवणाऱ्या फायको कंपनीने आपल्या स्कोअरची नववी आवृत्ती काढली. तिच्यात वैद्यकीय वसुलीला कमी वजन होतं आणि फेडलेली वसुली मोजायचीच नव्हती. अडचण अशी, की गृहकर्जाच्या बाजारात पुढची दहा वर्षं फायकोच्या जुन्याच आवृत्त्या चालत राहिल्या. म्हणजे ज्या कर्जासाठी स्कोअर सर्वांत मोलाचा, तिथे सुधारणा पोचलीच नाही.

मार्च २०२२ मध्ये सीएफपीबीने आकडे मांडले: अमेरिकनांच्या क्रेडिट रिपोर्टांवर ८८ अब्ज डॉलरची वैद्यकीय वसुली नोंदलेली होती, आणि वसुलीला गेलेल्या सगळ्या नोंदींपैकी ५८ टक्के वैद्यकीय होत्या. क्रेडिट कार्ड, फोन, वीज, जिमची वर्गणी या सगळ्यांना मागे टाकून. त्याच महिन्यात तिन्ही कंपन्यांनी आपणहून नियम सैल केल्याची घोषणा केली. सरकार काही करायच्या आत आपणच केलेलं बरं, हे शहाणपण त्यामागे असावं. १ जुलै २०२२ पासून फेडलेली वैद्यकीय वसुली अहवालावरून पुसली जाऊ लागली. न फेडलेली वसुली पूर्वी सहा महिन्यांनी अहवालावर यायची, ती मुदत एक वर्षाची झाली. एप्रिल २०२३ पासून ५०० डॉलरखालच्या नोंदी काढून टाकल्या गेल्या. सर्वसामान्यांना यापेक्षा मोठा दिलासा अजून मिळालेला नाही, आणि तो कायद्याने दिलेला नाही. कंपन्यांनी दिला, कंपन्या काढूनही घेऊ शकतात.

पुढचा अंक दिल्ली-मुंबईच्या राजकारणात शोभावा असा. ७ जानेवारी २०२५ रोजी सीएफपीबीने अंतिम नियम जाहीर केला: क्रेडिट रिपोर्टांवर वैद्यकीय बिल कुठल्याच रकमेचं दिसणार नाही. सुमारे दीड कोटी लोकांची ४९ अब्ज डॉलरची नोंद पुसली जाणार होती. तेव्हा विभागाचे प्रमुख होते न्यू जर्सीत वाढलेले, भारतीय वंशाचे रोहित चोप्रा. दोन आठवड्यांत सरकार बदललं आणि फेब्रुवारी उजाडताच चोप्रांना काढण्यात आलं. क्रेडिट युनियनांच्या आणि क्रेडिट रिपोर्ट कंपन्यांच्या संघटनांनी दावा लावलाच होता. नव्या प्रमुखांखालचा विभाग दावेदारांच्याच बाजूने उभा राहिला आणि नियम रद्द करा अशी विनंती दोन्ही पक्षांनी मिळून केली. ११ जुलै २०२५ रोजी टेक्ससच्या पूर्व जिल्ह्याचे फेडरल न्यायाधीश शॉन जॉर्डन यांनी ती मान्य केली. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णालयाचं नाव आणि आजार उघड होणार नाही अशा सांकेतिक रूपात वैद्यकीय देणं नोंदवायला मूळ कायदाच परवानगी देतो. विभागाला ती काढून घेता येणार नाही. फ्रिस्को आणि प्लेनो याच न्यायालयीन जिल्ह्यात येतात. नियम एकही दिवस अमलात आला नाही.

निकालाच्या तीनच दिवस आधी गृहकर्जावर देखरेख ठेवणाऱ्या दुसऱ्या एका फेडरल संस्थेने जाहीर केलं होतं, की फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्थांना विकल्या जाणाऱ्या गृहकर्जांसाठी यापुढे फायकोखेरीज व्हँटेजस्कोअर ४.० सुद्धा चालेल. हा स्कोअर वैद्यकीय वसुली अजिबात धरत नाही. एकाच आठवड्यात एक दार उघडलं आणि दुसरं बंद झालं. दोन्ही बातम्या जोडून वाचणारे किती होते कुणास ठाऊक.

आता प्रश्न तुम्ही कुठल्या राज्यात राहता हा आहे. कोलोरॅडोने २०२३ मध्ये अशी नोंद करायला बंदी केली, त्याच वर्षाअखेर न्यूयॉर्कने. कॅलिफोर्निया, इलिनॉय, व्हर्जिनिया, मिनेसोटा मागोमाग आले. एडिसनच्या ओक ट्री रोडवर पोळ्या आणि श्रीखंड मिळणाऱ्या न्यू जर्सीने जुलै २०२४ मध्ये कायदा केला. गव्हर्नरांच्या कार्यालयात आरोग्य धोरण पाहणाऱ्या लुईझा कारमन या तरुणीचं त्या वर्षारंभी अपघाती निधन झालं होतं; कायद्याला तिचं नाव आहे. अशी राज्यं डझनाहून अधिक झाली, टेक्सस त्यांत नाही. आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी सीएफपीबीने नवी भूमिका घेतली, की फेडरल कायदा असताना राज्यांना या बाबतीत वेगळे नियम करता येत नाहीत. विभागाचं मत म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, पण वसुली कंपन्यांच्या वकिलांना ते पुरेसं असतं.

वसुलीचा बाजार आतून पाहिला की बिलाच्या आकड्याविषयीचा आदर उडतो. जुनी बिलं गठ्ठ्याने विकली जातात, आणि जितकं बिल जुनं तितका भाव पडतो. डॉलरमागे एखादा सेंट किंवा त्याहूनही कमी. २०१६ च्या जूनमध्ये जॉन ऑलिव्हर या विनोदी कार्यक्रमवाल्याने हे करूनच दाखवलं. मिसिसिपी राज्यात ५० डॉलर भरून स्वतःची वसुली कंपनी नोंदवली आणि टेक्ससमधल्या सुमारे ९,००० लोकांची जवळजवळ दीड कोटी डॉलरची वैद्यकीय देणी ६० हजार डॉलरच्या आत विकत घेतली. सोबत त्या लोकांची नावं, पत्ते, सोशल सिक्युरिटी नंबर एका फाइलमध्ये मिळाले. त्याने सगळं देणं माफ केलं. मूळ कल्पना त्याची नव्हती. ऑक्युपाय वॉल स्ट्रीटच्या चळवळीतल्या मंडळींनी २०१२ मध्ये ती सुरू केली होती, आणि तिच्यावरून क्रेग अँटिको आणि जेरी अ‍ॅश्टन या वसुलीच्याच धंद्यातल्या दोघांनी २०१४ मध्ये एक सेवाभावी संस्था काढली. ती आज अनड्यू मेडिकल डेट या नावाने ओळखली जाते. डॉलरभर देणगीत साधारण शंभर डॉलरचं देणं ती मिटवते.

ऐकायला हे फार छान आहे. मग २०२४ मध्ये चार अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला. अशी कर्जमाफी मिळालेले ८३ हजार लोक आणि न मिळालेले तसेच इतर यांची त्यांनी तुलना केली. मनःस्वास्थ्य, प्रकृती, पैशाची ओढाताण, कशातही सरासरीने सुधारणा दिसली नाही. जी देणी मिटली ती मुळातच फारशी कुणी फेडणार नव्हतं, आणि माफीचं पत्र येईपर्यंत घरची घडी विस्कटून गेलेली होती. अहवालावर ज्यांची नोंद होती त्यांचा स्कोअर थोडासा वर सरकला, इतकंच. मदत उशिरा पोचली की ती हिशेबात दिसते, घरात दिसत नाही.

वेळेवरची मदत कुठे असते? रुग्णालयाच्याच फाइलीत. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक रुग्णालयं ना-नफा संस्था आहेत. कर माफ होतो म्हणून कमी उत्पन्नाच्या रुग्णांना बिल माफ करण्याचं लेखी धोरण ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पहिल्या बिलापासून १२० दिवस त्यांना क्रेडिट रिपोर्टवर नोंद करता येत नाही, दावा लावता येत नाही, बिल विकताही येत नाही. माफीचा अर्ज २४० दिवसांपर्यंत घ्यावा लागतो, मग बिल कलेक्शनला गेलेलं असलं तरी. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक रुग्णालय स्वतः ठरवतं, आणि ती अनेक ठिकाणी वाटते त्याहून बरीच वर असते. एकाच्या पगारावर चार माणसं असलेलं एच-१बी व्हिसावरचं घर किंवा असिस्टंटशिपवर जगणारा विद्यार्थी पुष्कळदा त्यात बसतो. २०२१ च्या जानेवारीत जॅरेड वॉकर या तरुणाने टिकटॉकवर एका मिनिटात हे सांगितलं आणि लाखो अमेरिकनांना ते तेव्हा पहिल्यांदा समजलं. तरीही आपली माणसं अर्ज करायला कचरतात. "आपण काय गरीब आहोत?" हे वाक्य मी मराठी घरांत इतक्यांदा ऐकलं आहे, की रुग्णालयांच्या हिशेबनिसांनी त्याबद्दल आभार मानायला हवेत. अडचण डॉक्टरांच्या कंपन्यांची. त्या बहुधा नफ्यासाठी चालतात आणि हे धोरण त्यांना लागू असेलच असं नाही.

पत्र कलेक्शन एजन्सीचं असेल तर फोनवर काहीही कबूल करू नये. १९७७ च्या कायद्याप्रमाणे एजन्सीने देण्याचा तपशील लेखी द्यायचा असतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, की पुरावा पाठवेपर्यंत वसुली थांबवावी लागते. पत्र सर्टिफाइड पोस्टाने पाठवावं, पोचपावती ठेवावी. सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर फोन करायला मनाई आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एका देण्यासाठी सात दिवसांत सातापेक्षा जास्त फोन करता येत नाहीत, आणि तुम्हाला आधी न कळवता गुपचूप क्रेडिट रिपोर्टवर नोंद टाकताही येत नाही. पूर्वी हा गुपचूप प्रकार सर्रास चालायचा. माणूस घर घ्यायला निघाला की आपोआप आपल्या दारी येतो, हे एजन्सींना पक्कं माहीत होतं.

दरम्यान रुग्णालयाकडून बाबवार बिल मागवावं आणि विमा कंपनीच्या ईओबी नावाच्या कागदाशी ताडून पाहावं. ईओबीवर तुमचा वाटा किती हे लिहिलेलं असतं. बिलावरचा आकडा त्याहून मोठा असेल तर कुठेतरी गफलत आहे. विमा कंपनीशी करार असलेल्या, म्हणजे इन-नेटवर्क रुग्णालयात करार नसलेल्या, आउट-ऑफ-नेटवर्क डॉक्टरने तपासलं म्हणून मोठं बिल लावणं १ जानेवारी २०२२ पासून बेकायदा आहे, पण रस्त्यावरच्या अँब्युलन्सला या कायद्यातून वगळलं आहे. अँब्युलन्सची बिलं म्हणूनच सर्वांत चिवट. अहवालावर चुकीची नोंद दिसली तर ज्या-ज्या कंपनीच्या अहवालावर ती आहे, त्या प्रत्येकीकडे वेगळी तक्रार करावी लागते. त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करून उत्तर द्यावं लागतं. अहवाल दर आठवड्याला फुकट पाहता येतो. आणि काहीच केलं नाही तरी अशी नोंद सात वर्षांनी गळून पडते. फार जुन्या देण्यावर मात्र "थोडे तरी भरा" याला भुलू नये. अनेक राज्यांत शंभर डॉलर भरले की दाव्याची मुदत पुन्हा नव्याने मोजायला लागतात.

सगळ्यात महाग पडते ती कार्ड घासण्याची सवय. बिल रुग्णालयाकडे असेतोवर ते वैद्यकीय देणं असतं: व्याज बहुधा नाही, वर्षभर नोंद नाही, माफीचा अर्ज करता येतो, हप्ते बांधून मिळतात. क्रेडिट कार्डावर टाकलं की त्याच क्षणी ते साधं कार्डाचं कर्ज होतं. वर सांगितलेलं एकही संरक्षण त्याला उरत नाही. दवाखान्यांच्या काउंटरवर मिळणारी खास मेडिकल कार्डं तर आणखी बेरकी. ठरल्या मुदतीत शेवटचा डॉलर फिटला नाही, तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागतं. केअरक्रेडिट हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. हे व्याज ग्राहकांना नीट समजावून न सांगितल्याबद्दल २०१३ मध्ये त्याच्या चालकांना ३ कोटी ४१ लाख डॉलर परत करायला लावले होते. कार्डं आजही चालू आहेत.

आई-वडील नातवंडांसाठी सहा महिने जातात, तेव्हाची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, तिथला क्रेडिट रिपोर्ट नसतो, म्हणून नोंद कुणाच्या अहवालावर करणार हा प्रश्नच असतो. पण रात्री दोन वाजता आईच्या छातीत दुखतंय म्हणून धावलेला मुलगा रजिस्ट्रेशनच्या टेबलवर पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही करतो. त्यांतला एक कागद बिलाची हमी घेण्याचा असू शकतो. ती सही झाली की बिल मुलाचं. सही न करता "पेशंट माझी आई आहे, मी फक्त सोबत आलोय" असं सांगितलं तरी इमर्जन्सीतले उपचार थांबत नाहीत. सुरुवातीला सांगितलेला १९८६ चा कायदा इथेही लागू आहे. पुण्याहून निघताना काढलेला प्रवासी विमा स्वस्तातला, ठरावीक रकमा देणारा असेल, तर मोठ्या बिलातला अगदी थोडा वाटा त्यातून निघतो. आणि रक्तदाब-मधुमेह आधीपासून असल्याचं कारण पुढे करून तोही नाकारला जाऊ शकतो.

कायमचे परत यायला निघालेले लोक विचारतात, की तिकडचं थकलेलं बिल इकडे सिबिलवर, म्हणजे आपल्या पत-अहवालावर, येतं का? येत नाही. मुंबईची सिबिल आता शिकागोच्या ट्रान्सयुनियनच्याच ताब्यात आहे, पण दोन देशांची खाती वेगळी. तिकडच्या न्यायालयाचा हुकूमनामाही इथे थेट बजावता येत नाही, कारण अमेरिका आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ मध्ये येणाऱ्या देशांत नाही. इथे नव्याने दावा लावावा लागतो. अर्थात पुन्हा तिकडे जायचं असेल, तर सात वर्षांच्या आत गेल्यावर नोंद तिथेच वाट पाहत असते.

आणि इथल्या रुग्णालयाचं बिल सिबिलवर येतं का? तेही थेट येत नाही. पत-माहितीचा आपला २००५ चा कायदा बँका, वित्त कंपन्या, कार्ड कंपन्या यांच्यापुरता आहे, आणि रुग्णालय काही कर्ज देत नाही. आपल्याकडे बिल रुग्णालयाच्या दारातच कर्जात बदलतं. कुणी सोनं तारण ठेवतं, कुणी पर्सनल लोन काढतं, कुणी काउंटरशेजारी बसलेल्या वित्त कंपनीच्या प्रतिनिधीकडून बारा हप्ते बांधून घेतं, कुणी पतसंस्थेत जातं. केमोथेरपीचं कर्ज आणि टीव्हीचं कर्ज अहवालात एकाच रकान्यात बसतात. अमेरिकेत निदान ८८ अब्ज हा आकडा काढता आला, त्यावरून भांडता आलं, न्यायालयात हरता आलं. आपल्याकडे आजारपणाने किती लोकांचा स्कोअर बुडाला हे पत-अहवालांवरून मोजायची सोयच नाही, कारण तिथे आजाराचं कर्ज ओळखूच येत नाही.

एवढं मात्र इथेही करता येतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. हप्ते फिटूनही नोंद तशीच राहिली असेल तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. वसुलीच्या माणसांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. तिकडच्यापेक्षा दोन तास आधीच त्यांचं दुकान बंद होतं, निदान कागदावर.